पहिली गढूळ पिशवी

इथे हाँगकाँगमध्ये किडन्या निकामी झाल्या की सरकारी रुग्णालय आधी पीडी, म्हणजे पोटाचं डायलिसिस सुचवतं. १९८५ पासूनचं धोरण आहे हे. यात पोटात बसवलेल्या नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, पिशवीतलं पाणी पोटात सोडतात आणि काही तासांनी रक्तातली घाण घेऊन आलेलं ते पाणी परत पिशवीत काढतात. मीही चार वर्षं घरीच पिशव्या बदलतो आहे. भारतात फोन केला की मात्र एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपल्याकडे पीडी नको, कसले कसले जंतू पोटात जातात!"

जातात, खोटं नाही. बहुतेकदा ते त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस नाहीतर आतड्यातले ई. कोलाय असतात. क्वचित मांजराने नळी चावल्यामुळे पाश्चुरेला शिरतो (पिशवी बदलताना मांजर खोलीबाहेरच हवं). त्याहूनही छळतो तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. नेहमीच्या औषधांना तो बधत नाही आणि बहुधा कॅथेटर काढावाच लागतो. पण असे जंतू इथल्या रुग्णांतही निघतात. त्यांच्या धास्तीने पीडीवरच काट मारणं मला पटत नाही.

मला भीती वाटते ती जंतूचं नावच न कळण्याची. माझ्या चुलतभावाचं तिकडे भारतात पोटातून काढलेलं पाणी गढूळ आलं, म्हणजे संसर्गाची खूण. ती पिशवी ओतून टाकली गेली, डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक दिलं आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, नमुना गेला दुसऱ्या दिवशी. रिपोर्ट आला, 'वाढ नाही'. औषधाने आधीच दबलेले जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत. मग औषधं बदलत राहिले आणि शेवटी कॅथेटर निघाला.

मला इथे पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की पाणी गढूळ दिसलं तर पोट दुखो न दुखो, ती पिशवी घेऊन तडक यायचं. मायक्रोलिटरमागे १०० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असले की संसर्ग धरतात. पाणी जंतू वाढवायच्या 'ब्लड कल्चर' बाटल्यांत भरतात आणि लगेच पहिला डोस देतात. औषधाला उशीर करा असं मी म्हणतच नाही, नमुना घ्यायला काही मिनिटं लागतात. तीन दिवसांत काही उगवलं नाही तर पुन्हा पाणी घेऊन मायकोबॅक्टेरिया आणि बुरशीसाठी वेगळं कल्चर लावायचं. कल्चरमध्ये काहीच न सापडलेले संसर्ग १५ टक्क्यांहून कमी हवेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. 'वाढ नाही' या रिपोर्टवर फाइल बंद होऊ नये, एवढाच माझा हट्ट आहे.

भाऊ आता आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिसला, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घ्यायला, जातो. घरचे म्हणतात, पीडीने घात केला. त्या ओतून टाकलेल्या पिशवीत काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही.