‘ओला कागद विकतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमचा ७५ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कॉपियर कागद झेरॉक्स मशीनमधून पन्हाळीसारखा वळून बाहेर येतो, पाठपोट छापताना अडकतो आणि ‘वजन वाढवायला ओला माल विकतात’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. तुमचं काम खोळंबलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण ओल्या मालाचा आरोप फार जिव्हारी लागला. कॉपियर कागदात साधारण ४ ते ५ टक्के ओलावा ठेवावाच लागतो. फार कोरडा केला तर स्थिर वीज धरून पानं एकमेकांना चिकटतात. जास्त ओला राहिला तर फ्यूजरच्या, म्हणजे मशीनमधल्या टोनर पक्का करणाऱ्या तापलेल्या भागाच्या, उष्णतेत झटकन सुकून वळतो. म्हणजे ओला माल पाठवला तर तक्रार आमच्याच दारात येणार. असं मुद्दाम कोण करेल?

लगद्यातला तंतू सुकताना लांबीत फारसा आटत नाही, जाडीत मात्र बराच आटतो. यंत्रावर बहुतेक तंतू कागद धावतो त्याच दिशेने पडतात, म्हणून कागद आडवा जास्त आटतो. त्यात वायरकडची (लगदा ज्या जाळीवर पसरतो तिच्याकडची) बाजू आणि वरची बाजू एकसारखी नसते, बारीक तंतू आणि फिलर (कागदात मिसळलेली खनिजाची पूड) दोन्हीकडे सारखे बसत नाहीत. एक बाजू जास्त आटली की कागद तिकडे वळणारच. ते आवरायला कागद सुकवणाऱ्या वरच्या आणि खालच्या ड्रायर सिलिंडरांची वाफ आम्ही वेगवेगळी ठेवतो, आणि नमुन्याचं वळण बघून ती पाळीगणिक कमीजास्त करतो. आमची माणसं रात्रपाळीत यासाठी जागतात.

आता तुम्हीच टाकलेला फोटो बघा. रीमचं वेष्टन पूर्ण फाडलेलं, अर्धा गठ्ठा मशीनशेजारी उघडा. ते वेष्टन दमट हवा आत जाऊ नये म्हणूनच असतं. उघड्या गठ्ठ्याच्या कडा ओलावा ओढून फुगतात, मधला भाग तसाच राहतो. आणि कुठली बाजू आधी छापायची हे दाखवणाऱ्या वेष्टनावरच्या बाणाप्रमाणे कागद लावला होता का, हे फोनवर विचारलं तर ‘मला शिकवू नका’ म्हणत तुम्ही फोन ठेवलात. आम्ही फक्त कारण शोधत होतो.

बंद रीम शिल्लक असतील तर बदलून देऊ. साठवणुकीची सूचना मोठ्या अक्षरांत छापायचं चाललंय, तपासणीकडेही आणखी लक्ष देतोय. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. पण ‘ओला माल’ एवढं वाक्य तरी मागे घ्या, ते वाचून डीलर ऑर्डर थांबवतात.