‘जो अँटेना उत्तम पाठवतो, तोच उत्तम ऐकतो’: १६० मीटरवर हे का खरं ठरत नाही

हौशी रेडिओच्या वर्तुळात एक सल्ला पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: अँटेना पाठवताना आणि ऐकताना सारखाच वागतो, म्हणून १६० किंवा ८० मीटरच्या बँडवर (सुमारे १.८ आणि ३.५ मेगाहर्ट्झ) वेगळा रिसीव्हिंग, म्हणजे फक्त ऐकण्याचा, अँटेना बांधणं व्यर्थ आहे. अशा अँटेनाचा गेन (एखाद्या दिशेला तो सिग्नल किती वाढवतो किंवा घटवतो ते) उणे असतो, त्यावर एस-मीटर (रिसीव्हरवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) हलत नाही. नॉइज (खरखर) फारच असेल तर शील्डेड लूप, म्हणजे धातूच्या आवरणातला तारेचा वेढा, लावा, तो विद्युत नॉइज गाळतो. आणि बेव्हरेजला (जमिनीलगत ताणलेल्या लांब तारेच्या अँटेनाला) मोकळं रान लागतं, ते नसेल तर विषय संपला.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच नवे ऑपरेटर त्यावर विश्वास ठेवतात आणि ऐकू येऊ शकणारी स्टेशनं गमावतात.

‘अँटेना दोन्हीकडे सारखाच’

हा नियम खरा आहे. पॅटर्न, गेन, इम्पिडन्स हे पाठवताना आणि ऐकताना तेच राहतात. चूक होते ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात. पाठवताना आपल्याला हवी असते समोरच्याकडे पोचणारी ताकद, त्यामुळे प्रत्येक डीबी (डेसिबल, ताकदीच्या गुणोत्तराचं माप) नुकसान महाग पडतं. ऐकताना हवं असतं सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर. अँटेनातलं नुकसान दोघांनाही सारखंच खाली आणतं, गुणोत्तर तिथंच राहतं. ते बदलतं फक्त दिशात्मकतेनं, म्हणजे नको त्या बाजूंचा नॉइज आत न घेतल्यानं.

हे मोजायला आरडीएफ हा आकडा वापरतात: हव्या दिशेचा गेन वजा सगळ्या दिशांचा सरासरी गेन. ट्रान्समिटसाठी वापरतात तशा साध्या व्हर्टिकलचा (उभ्या अँटेनाचा) आरडीएफ सुमारे ५ डीबी येतो. फ्लॅग किंवा के-९-ए-वाय या छोट्या दिशात्मक लूपचा ७ ते ८ आणि एक तरंगलांबीच्या बेव्हरेजचा १० च्या आसपास. नॉइज चहूबाजूंनी सारखा येत असेल, तर व्हर्टिकलवरून बेव्हरेजवर गेल्यानं गुणोत्तर ५ डीबीनं सुधारतं. तेवढीच सुधारणा समोरच्याकडून हवी असेल, तर त्याला १०० वॅटचे ३१६ वॅट करावे लागतील.

‘उणे गेन म्हणजे बहिरा अँटेना’

व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) या वाक्यात दम आहे, कारण तिथं बाहेरचा नॉइज कमी आणि रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज निर्णायक असतो. १.८ मेगाहर्ट्झवर उलटं आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या पी.३७२ शिफारशीतल्या सूत्रानं निव्वळ मानवनिर्मित नॉइज काढला, तर निवासी भागात तो औष्णिक पातळीच्या (उष्णतेमुळे असणाऱ्या किमान नॉइजच्या) सुमारे ६५ डीबी वर येतो, अगदी शांत ग्रामीण भागात सुमारे ४६ डीबी. विजांचा नॉइज वेगळाच. रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः भर घालतो त्या नॉइजचं माप) १५ डीबी धरला, तरी शांत भागातसुद्धा हाताशी सुमारे ३० डीबी शिल्लक राहतात.

आता एक तरंगलांबीचा बेव्हरेज. त्याचा सरासरी गेन सुमारे उणे २० डीबी. ४६ मधून २० गेले तरी बाहेरचा नॉइज रिसीव्हरच्या सुमारे ११ डीबी वरच राहतो, म्हणजे प्रीॲम्पची (रिसीव्हरआधी सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची) गरज नाही. छोट्या फ्लॅगचा सरासरी गेन उणे ३७ च्या घरात जातो. ४६ वजा ३७ म्हणजे ९, आणि हे रिसीव्हरच्या १५ खाली आहे. शांत जागी फ्लॅगला प्रीॲम्प हवाच, निवासी भागात बहुधा त्याच्याविना चालतं.

अंदाजावर राहू नका, मोजा. बँड सर्वांत शांत असेल तेव्हा, म्हणजे साधारण भर दुपारी, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) बंद करून हेडफोनच्या टोकांवर मल्टिमीटरनं एसी व्होल्टेज बघा. मग अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावा. व्होल्टेज एक तृतीयांशापर्यंत उतरलं, म्हणजे १० डीबी घटलं, तर संवेदनशीलता पुरेशी आहे. जेमतेम हललं तर प्रीॲम्प लावा. इथं प्रीॲम्पचा अतिकमी नॉइज फिगर महत्त्वाचा नाही, तगडा इंटरसेप्ट पॉइंट, म्हणजे जोरदार सिग्नल न बिघडवता पेलण्याची क्षमता, महत्त्वाचा. शेजारीच मीडियम वेव्हची प्रसारण केंद्रं असतात, ती दुबळ्या प्रीॲम्पमध्ये एकमेकांत मिसळून १६० मीटरवर खोटे सिग्नल तयार करतात. त्याच्या आधी १.८ मेगाहर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर ठेवा.

‘एस-मीटर हलत नाही’

वर जाऊ नयेच. समजा बेव्हरेजवर नॉइज एस-७ वरून एस-४ वर आला, म्हणजे १८ डीबी घटला, आणि सिग्नल १३ डीबीनं घटला. मीटर खाली, ऐकणं ५ डीबीनं वर.

‘शील्डेड लूप विद्युत नॉइज गाळतो’

दूरवरून येणाऱ्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर ठरलेलं असतं, ३७७ ओहम. एकाला गाळून दुसरं ठेवता येत नाही. १.८ मेगाहर्ट्झवर साधारण २६ मीटरच्या आतल्या उगमापाशीच हे गुणोत्तर फार वेगळं असू शकतं, आणि ते लूपच्या बाजूनंच झुकेल याची खात्री नाही. शील्डचं खरं काम लूप संतुलित ठेवणं, जेणेकरून त्याचे नल (जवळजवळ काहीच ऐकू न येणाऱ्या दिशा) खोल राहतील. त्या नलमध्ये एखादा जवळचा ठरावीक नॉइज-स्रोत धरता आला तर छोटा फिरता लूप मोलाचा आहे. पण चहूबाजूंच्या नॉइजवर त्याचा आरडीएफ व्हर्टिकलइतकाच.

‘रान नसेल तर विषय संपला’

१९२१ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला पॉल गॉडली यांनी अटलांटिकपलीकडचे हौशी सिग्नल पकडले ते बेव्हरेजवरच, आणि ती तार जवळपास ४०० मीटर होती. १६० मीटरसाठी एवढी लागत नाही. १५० ते १८० मीटर तार, २ ते ३ मीटर उंची, टोकाला ४५० ओहमच्या आसपासचा बिनइंडक्टिव्ह रेझिस्टर आणि ग्राउंड रॉड. वायरवाउंड रेझिस्टर नको. रिसीव्हरकडे जाणाऱ्या ७५ ओहम कोॲक्ससाठी (शील्ड असलेल्या केबलसाठी) बीएन-७३-२०२ या फेराइट कोअरवर ट्रान्सफॉर्मर: कोॲक्सकडे २ वेढे, तारेकडे ५. ८० मीटरपेक्षा आखूड बेव्हरेज १६० वर फारसं काही देत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या, उत्तम वाहक जमिनीवर तर लांब तारही निराश करते, कारण बेव्हरेजला लागणारा लहरीचा कल खराब वाहक जमिनीवरच मिळतो.

जागा नसेल तर फ्लॅग: सुमारे ४.३ गुणिले ८.८ मीटरचा आयत, ९५० ओहम टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर), ग्राउंड लागत नाही. किंवा के-९-ए-वाय: साडेसात मीटर उंचीचा एक खांब आणि २६ मीटर तारेचा लूप. दिशेची चूक इथं सर्रास होते. बेव्हरेज रेझिस्टरच्या टोकाकडे ऐकतो, फ्लॅग आणि के-९-ए-वाय फीडच्या, म्हणजे कोॲक्स जोडलेल्या, बाजूला.

बांधूनही फायदा दिसत नसेल, तर अँटेनाला दोष देण्याआधी कोॲक्स तपासा. त्याची शील्ड स्वतःच तार होऊन घरातला नॉइज गोळा करते. ट्रान्सफॉर्मरची तारेकडची टोकं सोडून तिथं ४७० ओहम लावा आणि ऐका. स्टेशनं अजून येत असतील तर ती कोॲक्सवरून येताहेत. दोन्ही वाइंडिंग वेगळी ठेवा, शील्ड तारेच्या ग्राउंड रॉडला जोडू नका. कोॲक्सला काही मीटर अलीकडे स्वतःचा रॉड द्या आणि ३१ मटेरियलच्या २.४ इंची टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) बारीक कोॲक्सचे १२ ते १४ वेढे घेऊन शील्डवरचा प्रवाह अडवणारा चोक लावा.

दुसरा संशयित म्हणजे ट्रान्समिटचा व्हर्टिकल. तो जवळ असला की सगळीकडचा नॉइज घेऊन पुन्हा फेकतो आणि रिसीव्हिंग अँटेनाचे नल भरून टाकतो. ऐकताना त्याचा फीडपॉइंट रिलेनं उघडा करून रेझोनन्स मोडा. त्याच रिलेच्या क्रमात ट्रान्समिटवेळी रिसीव्हिंग अँटेनाचं इनपुट ग्राउंडही करा, नाहीतर पहिल्याच कॉलला प्रीॲम्प जळण्याचा धोका आहे.