मंगळावर तगणारं मॉस रिमझिम पावसानं का मरतं?

‘उणे १९६ अंशांत महिनाभर ठेवलं तरी मरत नाही, मंगळावरही उगवतं. मग दोन-चार अंशांच्या तापमानवाढीनं त्याचं काय बिघडणार?’ सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस या वाळवंटी मॉसबद्दल (मॉस म्हणजे जमिनीलगत झुबक्यांनी वाढणारी इवलीशी वनस्पती) अशा अर्थाचा मजकूर २०२४ पासून फिरतो आहे. त्यातला थंडीचा आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

मंगळाचं आधी उरकून टाकू. चिनी संशोधकांनी मंगळासारखी विरळ हवा, थंडी आणि अतिनील किरण असलेल्या कक्षात हे मॉस जास्तीत जास्त ७ दिवस ठेवलं. नवे कोंब फुटले ते बाहेर काढून इथल्या नेहमीच्या हवेत वाढवल्यावर. म्हणजे ते तगलं, उगवलं नाही. गोठवण्याच्या प्रयोगातही आधी वाळवलेली रोपं ओल्या रोपांपेक्षा लवकर सावरली. या मॉसचा चिवटपणा मुख्यतः कोरडेपणातला आहे: पानं खोडाभोवती पिळून घ्यायची, रंग काळपट करायचा आणि जवळजवळ सगळे व्यवहार थांबवायचे.

‘पाणी लागताच काही सेकंदांत हिरवं होतं, म्हणजे जितक्या जास्त सरी तितकं बरं.’ खरी गोम इथेच आहे. वाळून पुन्हा भिजताना पेशींच्या पटलांना इजा होते. ओल मिळाली की आधी ती दुरुस्ती सुरू होते, श्वसन एकदम वाढतं आणि साठवलेला कार्बन खर्ची पडतो. प्रकाशसंश्लेषणाची कमाई हळूहळू वर येते आणि हा खर्च भरून निघेपर्यंत ओल टिकावी लागते. भर उन्हाळ्यात मिलिमीटरभर पाऊस त्याआधीच उडून जातो. दुकान उघडलं, दिवे लावले आणि भवानी होण्याआधीच शटर ओढलं, असा रोजचा तोटा.

अमेरिकेत युटामधल्या कोलोरॅडो पठारावर हे मोजलेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उन्हाळ्यात १.२ मिमीच्या सरी वारंवार दिल्या. एकाच हंगामात मॉसचं आच्छादन सुमारे २५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आलं. प्रयोगशाळेत तपासल्यावर १.२ मिमीच्या सरीत कार्बनचा हिशेब उणे निघाला, ५ मिमीच्या सरीत जमेचा. पाणी वाढलं आणि मॉस मेलं! त्याच हंगामात नुसत्या तापमानवाढीचा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण हवामानबदल म्हणजे फक्त थर्मामीटर नव्हे. पाऊस किती पडला याइतकंच तो कसा पडला हेही महत्त्वाचं.

‘मेलं तर पुन्हा येईल.’ येईल, पण सावकाश. अमेरिकेतल्याच मोहावे वाळवंटात या जातीची नर रोपं दुर्मीळ आहेत, त्यामुळे बीजाणू क्वचितच तयार होतात आणि प्रसार मुख्यतः तुटलेल्या तुकड्यांवर चालतो. मधल्या काळात जागा सायनोबॅक्टेरियांचा (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचा) पातळ, फिकट पापुद्रा घेतो. युटामध्ये मॉस मेल्यावर मातीतलं नत्रचक्रही बदललं.

पुनर्रोपणातही नेमकी हीच चूक होते. वाळलेल्या मॉसचे तुकडे पसरायचे आणि रोज दुपारी थोडं पाणी शिंपडायचं, हा ते मारण्याचा खात्रीचा उपाय. थंड हंगाम निवडा, वर सावलीचं कापड ताणा, पाणी एकदाच पण पुरेसं द्या, ओल बराच वेळ टिकू द्या आणि मग हळूहळू वाळू द्या. झटकन वाळलं तर इजा जास्त होते.

जिवंत-मेलेलं ठरवताना वाळक्या रंगावर जाऊ नका. वाळलेलं जिवंत मॉसही करपल्यासारखंच दिसतं. एका झुबक्यावर थेंबभर पाणी टाका आणि भिंगातून पाहा. जिवंत पान लगेच उलगडून हिरवं दिसतं. मेलेलं पानही पाणी शोषून फुगतं, म्हणून नुसतं उलगडणं पुरावा धरू नका. मेलेलं पान तपकिरी किंवा फिकटच राहतं. आणि पावसाची नोंद ठेवताना वर्षाची बेरीज पुरत नाही, प्रत्येक सर किती मिमीची होती तेही लिहा.