धुराची गाडी नको, वेळेवर पाणी द्या

पाऊस सुरू झाला की आमच्या भागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "फवारणीची गाडी कधी येणार?" मग कुणीतरी ओळखीच्या माणसाला फोन लावतं, दोन-तीन दिवसांत संध्याकाळी गाडी येते, गल्लीभर पांढरा धूर होतो, पोरं गाडीमागे धावतात आणि ग्रुपवर आभाराचे मेसेज पडतात. ते मेसेज वाचून मला राग येतो. सोलापूरच्या हद्दवाढ भागात, पुढे अंगण आणि मागे परसू असलेल्या घरात मी राहते. धूर मागून आपण स्वतःचंच नुकसान करून घेतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

आधी त्या धुराबद्दल. डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून, ते तापवून बारीक थेंबांच्या रूपात सोडतात. उडत्या डासाच्या अंगावर थेंब बसला तर तो मरतो, आणि धूर विरला की औषधाचं काम संपतं. आता डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, त्या वेळी असतो कुठे? पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत, पडद्याच्या चुण्यांत. गाडीचा आवाज आला की आपण पटापट दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे तो आत सुरक्षित. पाण्यातल्या अळीपर्यंत तर धूर पोचतच नाही. गाडी गेल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच पाण्यातून नवे डास बाहेर पडतात आणि ग्रुपवर परत तोच प्रश्न येतो.

फवारणीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत फवारणी करतात, ती गरजेचीच आहे, कारण विषाणू अंगात घेऊन उडणारी मादी त्याच दिवशी मारावी लागते. अशा वेळी कर्मचाऱ्यांना आत घ्या, दार लावून बसू नका. पण एरवी रस्त्यावर धूर सोडल्याने साथ थांबत नाही.

डास सगळे सारखे नसतात, हेही लक्षात घ्यायला हवं. रात्री कानाशी गुणगुणणारा, झोपमोड करणारा असतो तो बहुतेक क्युलेक्स. तो गटारीच्या, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढतो, हत्तीरोग पसरवतो. हिवतापाचा ॲनाफिलिस शहरात विहिरी आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो. एडिसला मात्र साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, घराच्या आतलं किंवा घरालगतचं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. पायांवर पांढरे पट्टे असतात, बघितला की ओळखू येतो. फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आपल्या घरात कुणाला डेंग्यू झाला तर तो डास आपल्याच किंवा शेजारच्या भांड्यातला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. नाल्याच्या नावाने बोटं मोडून डेंग्यू जाणार नाही. चिकुनगुनिया आणि झिकाही हाच डास पसरवतो. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, एका खेड्यात.

आपल्या जिल्ह्याला तर या डासाची जुनी ओळख आहे. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि तीस-बत्तीस वर्षांनी, २००५-०६ मध्ये, परत उसळला. २००६ साली सांधे धरून बसलेली माणसं अनेकांना आठवत असतील. मधल्या काळात डास कुठे गेला नव्हता, तो आपल्या हौदा-रांजणांतच होता.

आता मुद्द्यावर येते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी चार दिवसांनी, कधी पाच, पाइपलाइन फुटली की त्याहून उशिरा. उजनी भरल्याच्या बातम्या वाचायच्या आणि नळ सुटण्याची वाट बघत मध्यरात्री जागायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय. मग पाणी साठवणार नाही तर काय करणार? जमिनीतला हौद, गच्चीवरची टाकी, न्हाणीघरात निळे बॅरल, स्वयंपाकघरात घागरी, परसात आणखी एक बॅरल 'असू दे' म्हणून. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. पाचव्या दिवशी पाणी येतं, आपण अर्ध्या भरलेल्या बॅरलमध्येच नवं पाणी ओततो, कारण जुनं फेकवत नाही. त्यामुळे बॅरल कधी पूर्ण रिकामं होतच नाही.

म्हणून "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" ही सूचना बरोबर असली, तरी पाणी रोज येणाऱ्याला ती जितकी सोपी, तितकी आम्हाला नाही. आणि बॅरल, हौद घासायचं काम कोण करतं? घरातल्या बायका. नोकरी करून, पाणी भरून, वर हेही. माझी घरातल्या पुरुषांना विनंती आहे, हे काम तुम्ही अंगावर घ्या. हौदात उतरायला ताकद लागते.

एकदा हौदाचं झाकण उघडून टॉर्च मारून बघा. दोन मिनिटं हलू नका. अळी डोकं खाली करून लोंबकळत असते, शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून हवा घेते. वरून हात फिरवला, सावली पडली, की वळवळत तळाशी जाते. थोड्या वेळाने परत वर येते, तिला श्वास घ्यावाच लागतो. अळीशेजारी स्वल्पविरामासारखे वाकडे जीव दिसले तर ते कोष, आणि त्यातून डास बाहेर पडायला फार तर दोन दिवस उरलेत. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटलेले बारीक काळे ठिपके दिसले तर ती अंडी. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्यामुळे बॅरल नुसतं पालथं घालून काम होत नाही. काथ्याने किंवा घासणीने आतून, काठापर्यंत घासावं लागतं. हे सांगूनही लोक नुसतं पाणी ओतून मोकळे होतात.

पाणी फेकायचीही गरज नाही. जुन्या फडक्यातून गाळा, पाणी झाडांना घाला आणि फडकं उन्हात वाळवा. अळ्यांचं पाणी गटारीत मात्र ओतू नका, तिथे पाणी साचलेलं असेल तर त्या जगू शकतात. बॅरलला झाकण बसत नसेल तर जुन्या सुती साडीचं दुपदरी कापड आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधायला चांगला. पट्टा घट्ट बसतो, आणि पाणी काढायला सोडून परत चढवायला क्षणभरही लागत नाही. फळकुट ठेवून चालत नाही, फटीतून मादी आत जाते.

अंगणातल्या जागा सांगते, कारण सर्वेक्षणाला आलेल्या मुलींनाही त्या सगळ्या दिसत नाहीत. जुनं उखळ कुणी टाकत नाही, ते परसात पडून असतं आणि पहिल्याच पावसात भरतं. ते पालथं होत नसेल तर वाळूने भरून टाका. कुंडीखालच्या ताटल्या. चिमण्यांसाठी ठेवलेलं परळ, ज्यात आपण वरचेवर पाणी 'घालतो' पण धूत नाही. जळणावर, स्कूटरवर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगट घड्या. गच्चीवरची पानांनी तुंबलेली पन्हळ. टायर, करवंट्या, रंगाचे डबे, कूलरची टाकी, फ्रीजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली. आणि शेजारी बांधकाम असेल तर स्लॅबवर पाणी अडवायला छोटे बांध घालून केलेली आळी. क्युरिंगला, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला, पाणी लागतं हे खरं, पण दर आठवड्याला ते आळं एकदा सुकू द्यायला कुणाची हरकत नसावी. मालकाला आणि मिस्त्रीला स्पष्ट सांगा.

रात्रीच्या डासांचं उत्तर वेगळं आहे. हद्दवाढ भागात अनेक ठिकाणी ड्रेनेज नाही, मोरीचं पाणी रिकाम्या प्लॉटवर जातं आणि तिथे हिरवं डबकं होतं. त्याला शोषखड्डा हाच उपाय. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे (आपल्या माढ्याचं टेंभुर्णी नव्हे). त्या गावाने घराघरांपुढे शोषखड्डे घेतले, वाहत्या गटारी राहिल्याच नाहीत, डास गेले आणि पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनी तेच केलं. खड्ड्यात छिद्रं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि वाळू. पाणी टाकीत जातं, छिद्रांतून जमिनीत मुरतं. फार खर्च नाही, फक्त टाकीत साचलेला गाळ अधूनमधून काढावा लागतो. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणं तर त्याहून स्वस्त, तरी दहातल्या नऊ पाइपांची तोंडं मला उघडीच दिसतात.

डबक्यात जळकं ऑइल ओतणारेही आहेत. नका ओतू. आपल्यातल्या निम्म्या घरांत बोअर आहे, ते ऑइल शेवटी जमिनीतच जातं.

गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवून डास पळत नाहीत. मोबाइलमधले आवाजाचे ॲप आणि भिंतीला लावायची आवाजाची यंत्रं यांचा उपयोग नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. कॉइलने डास थोडे कमी होतात, पण बंद खोलीत एक कॉइल जळली की हवेत जितके सूक्ष्म कण सुटतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलं. लहान मुलाच्या उशाशी कॉइल लावलेली मला बघवत नाही. मच्छरदाणी वापरा. दिवसा झोपणाऱ्या बाळालाही, कारण एडिस दिवसा चावतो.

महापालिकेकडे काय मागायचं? पहिलं, पाणी एक दिवसाआड आणि ठरलेल्या वेळी. माझ्या मते शहरातलं डेंग्यूविरोधी सर्वांत मोठं काम हेच आहे, आणि ते आरोग्य विभागाच्या हातात नसून पाणीपुरवठ्याच्या हातात आहे. पाणी नेमाने आलं तर निम्मी बॅरलं लोक आपणहून काढून टाकतील. दुसरं, पावसाळ्याआधीच घरोघर कंटेनर तपासणी, साथ आल्यावर नव्हे. तिसरं, रिकाम्या प्लॉटच्या मालकांना नोटिसा, आणि नोटिशीनंतर खरोखरची कारवाई. हे काही नवीन नाही. मुंबईत १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालाने हिवतापाचं मूळ घराघरांतल्या विहिरींत दाखवलं, त्यानंतर विरोध पत्करून त्या विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. धूर न सोडता, पाण्यावर काम करून. शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्याला हे माहीत आहे, म्हणूनच धुरावर समाधान मानणं मला पटत नाही.

तपासणीला येणाऱ्या आशाताईंना, फवारणी कर्मचाऱ्यांना फाटकातूनच परत पाठवू नका. त्या वापरायच्या पाण्यात ॲबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकतात तेव्हा "विष टाकलं" म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. त्याचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम असतं, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातही तेवढं चालतं असं म्हटलेलं आहे. मात्र आपल्या अंदाजाने कुणी ते ओतू नये, त्यांनाच टाकू द्या.

आणि ताप आलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो. ताप गेला म्हणून पोराला शाळेत पाठवू नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांतलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नका. पपईच्या पानांच्या रसासाठी धावण्यात वेळ घालवू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मुलाला ताप उतरल्यानंतरच सलाइनवर ठेवावं लागलं. त्याच्या आईचा त्या रात्रीचा चेहरा मी पाहिलाय, म्हणून एवढं लिहिते आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी आपापला हौद आणि परसू बघायचं ठरवलंय. ज्यांना एकट्याने हौदात उतरणं जमत नाही, त्यांच्याकडे आम्ही जाऊ. आमच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे भरपूर झालेत, ज्यांना हवे त्यांनी घेऊन जा. रुंद तोंडाचं भांडं आणा, निम्म्याहून जास्त भरायचं नाही. नवं नळाचं पाणी सोडल्यावर एक दिवस थांबून मग मासे सोडा, क्लोरिनने मरतात. आणि तलावात, ओढ्यात सोडू नका, तिथले स्थानिक मासे कमी होतात. फक्त हौदासाठी न्या.