अहो, दीड किलोच्या रायफलने अस्वल लोळत नसतं!

फॅमिली ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, ‘जंगलात अडकलात तर ही एकच रायफल पुरे’. एआर-७ तिचं नाव. एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत डिलीट केला असता, पण भाचा नोकरीसाठी अलास्कात, अँकरेजला आहे, जूनमध्ये ट्रेकला जातोय, आणि काल रात्री त्याने तोच मेसेज मला पाठवून विचारलं, ‘मामा, घेऊ का?’

‘अमेरिकन एअर फोर्सची रायफल’ हे अर्धंच खरं. एअर फोर्सने निवडली होती ती आधीची एआर-५, आणि तीही घाऊक अशी घेतलीच नाही. एआर-७ मग १९५९ च्या सुमारास सिव्हिलियन लोकांसाठी आली. बाकी वजन दीड-पावणेदोन किलो, नळीसकट सगळे भाग दस्त्यात मावतात, पाण्यावर तरंगते, हे खरंय. डिझाइन भारीच आहे, मान्य.

पण ‘अस्वलालाही लोळवते’? कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू चालवलीय मी. गोळी शेंगदाण्याएवढी, खांद्याला धक्का म्हणून लागत नाही, आवाज लवंगी फटाक्याचा. ही रायफल तीच गोळी मारते. अस्वलाच्या भागात लोक थर्टी-ओ-सिक्ससारखी मोठ्या शिकारीची रायफल वगैरे नेतात, तिच्या गोळीत जवळपास वीसपट ताकद असते. फॉरवर्डवाला पुरावा काय देतो, तर कॅनडातल्या एका आजीने पॉइंट टू टू ने ग्रिझली, म्हणजे तिकडचं मोठं तपकिरी अस्वल, मारलं! मारलंय, खोटं नाही. बेला ट्विन, १९५३, अल्बर्टातलं स्लेव्ह लेक. पण बाई तिथल्या क्री या आदिवासी समाजातल्या, आयुष्यभर फासे लावून शिकार केलेल्या, लपून बसल्या होत्या, अस्वल अगदी जवळ आलं तेव्हा बाजूने डोक्यात गोळी घातली आणि ते पडल्यावरही घालत राहिल्या. आमचा भाचा घरातली पाल दिसली की खुर्चीवर चढतो. त्याच्या अंगावर अस्वल धावून आलं तर तो दस्ता उघडून नळी जोडत बसणार का?

२००८ मध्ये टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो वगैरे अस्वलांच्या अभ्यासकांनी अलास्कातल्या बेअर स्प्रेच्या, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याच्या, घटना तपासल्या. ब्राउन बेअरच्या बाबतीत ९२ टक्के वेळा स्प्रेने अस्वल थांबलं, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेवाल्यांपैकी ९८ टक्के लोकांना खरचटलंही नाही. आणि अलास्कात स्वसंरक्षणासाठी अस्वल मारलंच तर त्याचं कातडं आणि कवटी काढून सरकारला जमा करावी लागते. सोलणार कोण, मामा?

‘ससे मारून महिनाभर जगा’ म्हणे. नुसत्या सशावर माणूस खंगतो, त्या मांसात चरबीच नसते. आणि तिकडे भुकेच्या आधी थंडी मारते.

‘कुणीही विकत घेऊ शकतं’ हे तर गळ्याशी येणारं. भाचा एच-वन-बीवर आहे. तिथल्या फेडरल कायद्याने अशा व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखा एखादा अपवाद लागू असेल तरच चालतं. फॉरवर्ड करणाऱ्या काकांचं काय जातंय, व्हिसा पोराचा जाईल.

त्याला सांगितलंय, स्प्रे घे, एक्सपायरी बघून घे, सॅकच्या आत नाही तर कमरेला लाव, आणि छोट्या विमानाने जाणार असलास तर चढायच्या आधी पायलटला सांग. ‘ओके मामा’ आलंय, बरोबर सशाचा इमोजी.