प्रश्नसंच घोका, लायसन्स मिळवा

युरोपच्या पार्ट-६६ मध्ये, म्हणजे विमान दुरुस्ती करणाऱ्यांच्या लायसन्सच्या नियमांत, सुधारणा म्हटली की मॉड्यूलच्या, म्हणजे परीक्षेच्या विषयांच्या, याद्या हलवायच्या, बस! परीक्षेचा साचा तोच: तीन पर्याय, प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद, ७५ टक्क्यांना पास. प्रश्नसंच घोकला की झालं. मग हातात ०.०३२ इंची लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार, दिली, की पठ्ठ्या बोल्ट सैल होईल अशा दिशेनं ओढून बांधतो! इंचाला ६ ते ८ पीळ. त्याहून जास्त दिले तर तार कडक होऊन तुटते, हे सांगितलंय कोणी? प्रत्यक्ष कामाच्या नोंदींचं लॉगबुक मात्र भरगच्च. टॉर्च धरून उभा राहिला तरी 'काम केलं' म्हणून सही ठोकलेली. अहो, शिकवणाऱ्या मेकॅनिकला शिफ्टमधून वेळ कधी देणार? असा वेळ द्यायचा तर पैसे लागतात ना, म्हणून त्यावर सगळे गप्प.