गेलेल्या पाखरांची तारीख

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा. उत्तरेकडचे बहुतेक पाहुणे पक्षी तोवर आपल्याकडे पोहोचलेलेही असतात. व्याख्याने होतात, सहली निघतात, वर्तमानपत्रांत रोहितांची छायाचित्रे येतात. हेच पक्षी फाल्गुन-चैत्रात परत निघतात तेव्हा मात्र टेकडीवर दुर्बीण घेतलेला माणूस शोधावा लागतो. ऊन तापलेले असते, घरोघरी परीक्षा चालू असतात आणि हौशी मंडळींचे डोळे ताडोब्याच्या वाघाकडे लागलेले असतात. माझ्या मते पक्षिनिरीक्षकाचा खरा कस या परतीच्या दिवसांतच लागतो, आणि त्यासाठी घराजवळच्या रानाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते. शहराच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी, माथ्यावर दगडाची जुनी खाण आणि खाणीत साठलेले पाणी. हे काही घनदाट अरण्य नव्हे. बराच भाग वनखात्याच्या लागवडीतल्या गिरिपुष्पाने व्यापलेला आहे. ते गुलाबी फुलते तेव्हा लोक कौतुकाने छायाचित्रे काढतात. मला मात्र त्याच्या दाटीपेक्षा मधूनमधून तग धरून राहिलेली सालई, मोई आणि गणेर यांचेच अप्रूप वाटते. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो. फाल्गुनात पाहिले तर पळसाला तेवढीही नसतात, नुसती फुले असतात. पण लांब जाऊन वेगळे काय मिळणार, हा त्या म्हणीतला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

या दिवसांचा सर्वांत उघड सोहळा भोरड्यांचा. जुलै-ऑगस्टपासूनच येऊ लागणारा आणि एप्रिलपर्यंत राहणारा हा पक्षी वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस आपल्याकडेच काढतो, तरी आपण त्याला पाहुणा म्हणतो ते केवळ त्याची घरटी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात असतात म्हणून. हिवाळ्यात तो मळकट दिसतो. जायची वेळ जवळ येते तसे त्याचे डोके काळेभोर आणि पाठ-पोट स्वच्छ गुलाबी दिसू लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास काटेसावर, पांगारा आणि पळस फुललेले असतात. मग मध पिऊन तोंडाला पराग माखलेला शे-दीडशे भोरड्यांचा थवा एका झाडावर असा काही कलकलाट करतो, की खालून जाणारा मोबाइलमधला माणूसही मान वर करतो. सोलापूरकडचा शेतकरी याच भोरड्यांवर माळ्यावरून गोफण फिरवतो, कारण त्या ज्वारीच्या कणसांवर उतरतात; तिकडे चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांचा बंदोबस्त त्यांनी करावा म्हणून लोकांनी त्यांच्यासाठी दगडांची घरटी रचून दिली आहेत. दोघांचेही बरोबर आहे, एवढेच मी म्हणेन.

पण थवा दिसणे सोपे. अवघड आहे तो हिरवट वटवट्या. वजन सात-आठ ग्रॅम, रंग पानासारखा, आणि हालचाल इतकी चपळ की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो पुढच्या फांदीवर. हिवाळाभर तो आपापल्या झाडांची हद्द राखून असतो आणि ‘ची-विट’ अशा दोन तुटक स्वरांवरून ओळखू येतो. मार्च उलटला की त्या आवाजाच्या जोडीला अधूनमधून त्याचे पूर्ण गाणेही ऐकू येते, जे खरे तर हिमालयात किंवा त्याही पलीकडे गेल्यावर म्हणायचे असते. दिवस मोठा होत असल्याची खूण त्याच्या शरीराला पटलेली असते. तो अधाशासारखा किडे खात असतो, कारण प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावर साठलेली चरबी. म्हणूनच मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला कॅमेऱ्यासमोर खेचणाऱ्यांचा मला या दिवसांत विशेष राग येतो. हद्दीत कोणी घुसले असे समजून तो खाणे सोडून धावत येतो, छायाचित्र मिळते, आणि आपण त्याची सकाळ वाया घालवली हे कोणाच्या गावीही नसते.

तो कधी जातो हे कळावे कसे? पहिल्या दर्शनाची तारीख लिहिणे सोपे असते. पक्षी दिसला की लिहिली. २००७ साली सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदींच्या उपक्रमाने देशभरातल्या हौशी निरीक्षकांकडून प्रथम तशाच, आगमनाच्या तारखा मागवल्या होत्या. शेवटच्या दर्शनाचे तसे नाही. आज दिसलेला पक्षी शेवटचा होता, हे आज कळत नाही. त्यानंतर रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जाऊन तो न दिसल्याचे लिहीत राहिले तरच मागे वळून ती तारीख सांगता येते. ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी देण्याचा आग्रह असतो तो याचसाठी, कारण यादीत नसलेले नावही मग माहिती ठरते. आता हे काम भिगवणला वर्षातून दोनदा जाणाऱ्याकडून होणार नाही. ते चहा घेऊन पायी टेकडी गाठणाराच करू शकतो, आणि पुण्यात असे लोक हजारोंनी आहेत. त्यांतल्या दहांनी वही ठेवली तरी पुष्कळ झाले.

हे पाहुणे गेले तरी टेकडी अगदी रिकामी होत नाही. मे सरता सरता दक्षिणेकडून नवरंग पक्षी वर सरकू लागेल, आणि दमलेला एखादा कोणाच्या तरी गॅलरीत सापडून त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतील. त्याच्या आगमनाची दखल घ्यायला मग माणसांची वाण पडणार नाही.

माझ्या वहीत शेवटचा ‘ची-विट’ १४ एप्रिलचा आहे, खाणीच्या वरच्या अंगाला, सकाळी पावणेसातचा. त्याखाली सलग नऊ दिवस ‘नाही’ लिहिले आहे. उद्या पुन्हा जाईन.